आरेतल्या पाड्यावर ‘चुलीवरचं जेवण’: एजन्सीशी करार करावा का?

कणसरीची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळं लिहिते.

मी वारली. आरेतल्या एका पाड्यावर जन्मले, तिथंच राहते. नाव मुद्दाम देत नाही, २७ पाड्यांतला एक समजा. बी.कॉम. केलंय, मरोळला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिलं बनवते. पाड्यावर आमच्या बायकांचा दहा जणींचा बचत गट आहे. आई खजिनदार, म्हणजे वही मी लिहिते. गटाचं काम आजवर एवढंच की महिन्याला २०० रुपये भरायचे आणि कोणाच्या पोराची फी आली, कोणाचं दुखणं निघालं की उचलायचे.

कमाई भाजीची. मे संपता संपता शेवळं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली. घरामागच्या तुकड्यातली शिराळी आणि काकडी. पहाटे टोपली घेऊन गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला बसायचं, गाडी आली की टोपली उचलून पळायचं, गाडी गेली की परत बसायचं. पावसाळ्यात चांगल्या दिवशी बाईच्या हातात पाचशे-सहाशे पडतात. दिवाळीनंतर टोपली रिकामी. मग कोणी घरकामाला, कोणी साफसफाईच्या कंत्राटावर. पुरुष माणसं वॉचमन नाहीतर माळी.

मेट्रो ३ सुरू झाल्यापासून रविवारी आरेत फिरायला येणारी माणसं वाढलीत, त्यावरच ही एजन्सी आली. दोघं आलेले, बोलायला गोड. म्हणाले, दर रविवारी आम्ही २० पाहुणे आणतो. पाहुण्यांनी पाडा बघायचा, चुलीवरचं जेवण जेवायचं, वारली चित्र काढायला शिकायचं. पाहुण्याकडून ते १,४०० रुपये घेणार. आम्हाला जेवणाचे ३५० आणि ‘सांस्कृतिक कार्यक्रमाचे’ १०० देणार. बुकिंग, जाहिरात, फोन सगळं त्यांच्याकडे. बायकांनी लुगडं नेसायचं. पाड्याच्या कडेला ते कुडाची शेड बांधून देणार, तिचा खर्च आमच्या पैशातून हप्त्याहप्त्यानं कापणार. करार तीन वर्षांचा, तेवढ्या काळात गटानं दुसऱ्या कोणासाठी असं काम करायचं नाही. काढलेले फोटो कायमचे त्यांचे. करार इंग्रजीत आहे. मी दोनदा वाचला. एका कलमात असं आहे की पाहुण्याला जेवणातून काही झालं किंवा जनावरापासून इजा झाली तर जबाबदारी गटाची. सही आईची आणि अध्यक्ष असलेल्या काकीची मागितलीय.

आई म्हणते, घरच्या कोंबड्या, घरचे तांदूळ, आपलं जातंय काय. काकीला शेड हवीय. माझा भाऊ म्हणतो की आज ना उद्या इथं इमारत होणार, कशाला मांडव टाकता. आणि पाड्यावरच्या दोन पोरांनी डोक्यात घेतलंय की याच पैशाच्या भरवशावर कर्ज काढून टेम्पो घ्यायचा.

मला नाही म्हणायचं नाहीये. दिवाळीनंतरच्या महिन्यांत घरात पैसा यावा असं मलाही वाटतं. फक्त ४५० रुपये बरोबर आहेत का, शेडचं काय करायचं आणि आदिवासी बायकांच्या गटाला कर्ज नक्की कुठून मिळतं, हे कोणी अनुभवानं सांगेल का?

पक्या_मरोळ

पाहुणे ते आणणार, जाहिरात ते करणार, तुम्ही घरबसल्या रविवारचे ९,००० घेणार. अजून काय पाहिजे? मराठी माणसाचा हाच प्रॉब्लेम. समोरच्याला किती सुटतात तेच मोजत बसायचं. सही करा आणि धंद्याला लागा.

दहिसरची_पोळीभाजी

पक्याभाऊ, मी गेली कित्येक वर्षं पोळीभाजी केंद्र चालवते, त्यामुळे समोरच्याला किती सुटतात ते मोजणं हाच माझा धंदा आहे.

ताई, आधी आईंच्या वाक्याबद्दल. घरची कोंबडी फुकट नसते. ती विकली तर किती येतात, तो तिचा भाव. आज गावठी कोंबडी ७०० च्या खाली कोणी देत नाही. वीस माणसांना पाच तरी लागतील, झाले ३,५००. तांदूळ आणि भाकरीचं पीठ ६००. तेल, मसाला, कांदा, खोबरं ८००. भाजी घरची असली तरी स्टेशनवर विकली असती तर ८०० आले असते, तेही धर. पत्रावळी, पिण्याच्या पाण्याचे जार, साबण ५००. बेरीज ६,२००. एजन्सी देणार ९,०००. उरले २,८००. आठ जणी राबल्या तर एकीला ३५०, आणि तेही शनिवारी दुपारी सारवण-झाडलोटीपासून रविवारी संध्याकाळी भांडी घासेपर्यंत. वर रविवारची भाजीची टोपली बुडाली, जिचे तू स्वतःच पाचशे-सहाशे सांगितलेस. म्हणजे पावसाळ्यात हा धंदा तोट्याचा आहे, फक्त तोटा दिसत नाही कारण कोंबडी घरची आहे.

आणि शेडचा हप्ता मी धरलेलाच नाही.

आता दुसरी बाजू. वीस माणसांचे २८,००० जमा होतात. तुम्हाला ९,००० दिले की १९,००० त्यांच्याकडे राहतात. जाहिरात, माणूस, गाडी असेल तर गाडी, हा खर्च असतो, तो मी नाकारत नाही. पण त्यांना विचार की त्या १९,००० मध्ये काय काय आहे. पाहुण्यांचा विमा आहे का? असेल तर मग जबाबदारी गटाची कशी? ज्याच्याकडे बुकिंग, त्याच्याकडे पैसा आधी येतो. मग पाहुणा नाही आला तर शिजवलेल्या अन्नाचं काय? माझ्याकडे ऑफिसची ऑर्डर आली तर मी निम्मे पैसे आदल्या दिवशी घेते. पाऊस पडला, लोकल बंद पडली, साहेबांची मीटिंग रद्द झाली, माझा भात शिजलेला असतो.

माझं मत विचारशील तर वीस माणसं नकोच. बारा माणसं, माणशी ८००, पैसे थेट गटाच्या खात्यात. जमा ९,६००. कोंबड्या तीन, २,१००. बाकी सगळं वरच्या हिशेबानं कमी करत गेलं तर आणखी १,६२०. खर्च ३,७२०, उरले ५,८८०. पाच जणींना हजाराच्या वर पडतात, आणि बाकीच्या पाच जणी टोपली घेऊन स्टेशनला जायला मोकळ्या. पुढच्या रविवारी पाळी बदला. एजन्सीला पाहुणे आणायचेच असतील तर आणू देत, माणशी ठरावीक कमिशन घ्या म्हणावं. बुकिंगचा नंबर मात्र गटाचा. एकदा गिऱ्हाईक त्यांच्या फोनमध्ये गेलं की तुम्ही फक्त स्वयंपाकीण.

अन्नाची सरकारी नोंदणी करून घे. तुमच्याएवढ्या छोट्या उलाढालीला परवाना लागत नाही, साधी नोंदणी लागते. तीही एजन्सीच्या नावावर नको, गटाच्या.

लुगड्याचं काय ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर स्वयंपाक करताना मी गाऊनवर असते आणि पोळ्या तशाच गोल होतात.

रिक्षा_४७

मी पण आरेतलाच, शेजारच्या पाड्याचा. आमच्याकडे अशी माणसं येऊन गेली आधी. एजन्सी नव्हती, पाड्यातल्याच एकानं आणलेली. जेवण बरं झालं. मग कोणीतरी पोराचा फोटो काढला उघड्यावर आंघोळ करताना, तो कुठं टाकला ते कळलं पण नाही. दोघं तिघं बाटल्या घेऊन आलेले, ओढ्याच्या कडेला काचा. साफ कोणी केलं? आम्हीच. म्हणून म्हणतो पैसे घ्या पण कायदा तुमचा चालवा. दारू नाही, विचारल्याशिवाय फोटो नाही, पोरांचे तर नाहीच नाही. आणि पाच वाजले की सगळ्यांना रस्त्याला लावायचं. संध्याकाळी बिबट्या फिरतो ते आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. ते वाघ बघायला थांबू म्हणतात. आपण वाघोबाला हात जोडतो आणि घरात जातो, एवढंच त्यांना सांगायचं.

संडास पण बघा. बारा माणसं कुठं जाणार?

निवृत्त_जव्हारकर

पोरी, तुझा प्रश्न वाचून दोन दिवस लिहू की नको करत होतो. मी मूळचा जव्हारचा, कोकणा जमातीचा. आदिवासी विकास खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो, आता विक्रोळीला मुलाकडे असतो. जेवणाच्या ताटातलं मला कळत नाही, ते दहिसरच्या बाईंनी चोख सांगितलंय. मी जमिनीचं सांगतो, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात धोक्याची वस्तू शेड आहे.

आमच्या जव्हारला अनुसूचित क्षेत्र आहे, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागतो, ग्रामसभा ठराव करते. मुंबईत तुम्हाला ग्रामसभाच नाही. आदिवासी योजनांच्या कितीतरी फॉर्मवर ‘ग्रामसभेचा ठराव जोडा’ असतं आणि मुंबईचा आदिवासी तिथंच अडतो. माझ्या टेबलाशी अशी माणसं आली आहेत. मोलमजुरी सोडून यायची आणि कागद कमी म्हणून परत जायची.

आरेची दूध वसाहत १९४९ ची. पाडे त्याच्या आधीचे. पण कागदावर जमीन दुग्धविकासाची झाली, आणि त्यावर राहणारे तुम्ही कागदावर कोण, हे कधी नीट लिहिलंच गेलं नाही. पुढे २०२०-२१ मध्ये आरेतली सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन करायचं ठरलं आणि ती राष्ट्रीय उद्यानाकडे गेली. म्हणून पहिलं काम हे, की तुमचा पाडा त्या रेषेच्या आत आहे की बाहेर, ते नकाशावर बघून घे. आत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करता येतो. शहरात तो कायदा चालत नाही असं कोणी तोंडी सांगितलं तर लेखी माग. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुमचा ताबा होता, हे दाखवावं लागतं. जुनी पावती, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, वसाहतीत मजुरी केल्याचा कागद, जे असेल ते जमव. पाड्यातल्या म्हाताऱ्यांचे जबाबही पुरावा म्हणून चालतात, नियमात तसं आहे; म्हातारी माणसं आहेत तोवर ते लिहून घ्या. हक्क मिळाला की नवरा-बायको दोघांच्या नावे नोंद होते. वारसाला जातो, विकता येत नाही. ही शेवटची अट काही पोरांना जाचक वाटते. मला वाटत नाही. विकता आला असता तर गोरेगावात पाडा राहिला असता का?

आता करार पुन्हा वाच आणि जागेचं वर्णन कसं केलंय ते बघ. ‘अमक्याच्या परवानगीने वापरात असलेली जागा’ किंवा ‘एजन्सीने उपलब्ध केलेली शेड’ अशी वाक्यं असतील तर तुझ्या आईची सही त्याच्याखाली नको. उद्या दाव्यात हाच कागद पुढे येईल की बघा, हे स्वतःच म्हणतात आम्ही परवानगीनं बसलोय. शिवाय वनहक्क राहण्यासाठी आणि पोटापुरतं कसण्यासाठी असतो. त्याच तुकड्यावर एजन्सीचं बांधकाम उभं राहिलं तर तक्रार करायला कोणालाही निमित्त मिळेल. अंगणात चटया टाका, पावसात घराच्या ओट्यावर वाढा, पण शेड नको.

तुझ्या भावाला इमारतीची आशा आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पक्कं घर, नळ, संडास कोणाला नको? पण प्रजापूर पाड्यातली घरं मेट्रोच्या कामात गेली, त्या लोकांशी त्याला एकदा बोलायला सांग. तिथं वर ३०० चौरस फुटांत कोंबडी पाळता येत नाही, शिराळ्याचा वेल चढत नाही आणि मेंटेनन्स दर महिन्याला येतं. घर मिळतं, पण टोपलीत भरायला काही उरत नाही. घराच्या बदल्यात घर देतात, पण कमाईच्या बदल्यात कमाई देण्याची तरतूद मी तरी कुठल्या फायलीत पाहिली नाही.

थोडं विषयांतर करतो, पण ते तुझ्याच कामाचं आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव. त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये, सुमारे १,८०० हेक्टरवर. बातम्या झाल्या, सत्कार झाले. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. बांबू गावाचा, पण गावाबाहेर न्यायचा तर शिक्का दुसऱ्याचा. ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रातले मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना गावात यावं लागलं. त्यानंतर गावानं स्वतः बांबू तोडला आणि स्वतः भाव ठरवून विकला. गावात पैसा आला तो या दुसऱ्या तारखेनंतर. तुझ्या करारातलं बुकिंग म्हणजे ते परवान्याचं पुस्तक आहे. दहिसरच्या बाईंनी वेगळ्या वाटेनं तेच सांगितलं.

कर्जाबद्दल. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी कर. केंद्राच्या महामंडळाची आदिवासी महिला सशक्तीकरण योजना त्यांच्यामार्फत चालते, दोन लाखांपर्यंत खर्चाच्या धंद्याला, व्याज वर्षाला ४ टक्के. बाहेर एवढं स्वस्त सहसा मिळत नाही. पण जातीचा दाखला लागेल, आणि महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधी तुमचं कुटुंब राज्यात होतं याचा पुरावा मागतात. आजोबांचा कागद नसेल तर फिरावं लागेल. जामीनदारही मागतील. पाड्यात पगाराची स्लिप असलेला माणूस शोधायला आतापासून लाग. टेम्पो मात्र आता नको. वीस पाहुणे दर रविवारी येतीलच असं एजन्सीनं करारात कुठं लिहून दिलंय? शोध. सापडणार नाही. हप्ता मात्र पाहुणा आला नाही तरी जातो.

लांबलं. कारकुनाला टिपणी लिहायची सवय असते.

गेरू_आणि_तांदूळ

चित्राबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी डहाणूकडचा वारली, नालासोपाऱ्याला राहतो, चित्रावरच पोट आहे.

१०० रुपयांत जेवणानंतर ‘कार्यक्रम’ म्हणजे चित्र शिकवणं आणि तारपा (आमचं फुंकून वाजवायचं वाद्य) दोन्ही धरलेत वाटतं. तारपा वाजवायला कुठून माणूस आणणार आहेत? तो फुकट येत नाही. आपल्या पाड्यावर रातभर वाजवतो ती गोष्ट वेगळी. चित्र शिकवायचे वेगळे पैसे लावा. तासाभराचा वर्ग, कागद-गेरू-काडी आपली, माणशी ३०० तरी. मी शाळांमध्ये घेतो तेव्हा याहून कमी घेत नाही. शिकून झाल्यावर पाड्यातल्या बायकांनी काढलेली छोटी चित्रं शेजारी मांडून ठेवा, त्यावर किंमत लिहून, आणि मागच्या बाजूला काढणारीचं नाव. नाव हवंच. आमच्या जिव्या सोमा मशेंना २०११ ला पद्मश्री मिळाली, जग त्यांना नावानं ओळखतं. बाकी हजारो हातांची चित्रं ‘वारली आर्ट’ म्हणून खपतात.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे हे नाव मूळ मुलखातल्या कलेलाच लावायचा हक्क) मिळालं. चांगली गोष्ट. पण दादरच्या कुठल्याही दुकानात गिरणीत छापलेली वारली चादर बघ, तिच्यातून वारल्याच्या घरी काय जातं? मानांकन घेतलं म्हणून कोणी दारात येऊन पैसे देत नाही, त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते आणि नकलेच्या मागं लागावं लागतं. गटानं त्याची चौकशी करून ठेवावी. एजन्सीच्या फोटोच्या कलमात भिंतीवरची चित्रं येतात का, हेही बघ. येत असतील तर उद्या तुमच्याच भिंतीची चादर छापतील.

एक विनंती. पाहुण्यांना लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ते देवीचं चित्र, काढून दाखवू नका. शेत, तारप्याचा फेर, ताडीचं झाड, मुंग्या, जे हवं ते काढा. पण चौक सवाशिणी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, पालघट देवी त्यात बसते. रविवारी दुपारी जेवण पचवायला तो नाही. तुझ्या आईला हे सांगायची गरज नसेल. एजन्सीला मात्र सांगावं लागेल, कारण फोटोत चौकच सगळ्यात छान दिसतो.

पक्या_मरोळ

बरं बाबा, हरलो. पण पोळीभाजीवाल्या ताई, बारा माणसं आणणार कोण? ८०० रुपये देणारी माणसं पाड्याच्या वाटेवर उभी नाहीयेत. जाहिरातीला पैसा लागतो हे पण खरं आहे ना?

दहिसरची_पोळीभाजी

खरं आहे, आणि हा तुमचा पहिला मुद्दा आहे जो मला पटला. म्हणूनच एजन्सीला हाकलून द्या असं मी म्हटलं नाही, कमिशन द्या म्हटलं. पण पहिली गिऱ्हाइकं ताईकडे आहेत. गोरेगाव स्टेशनला तिच्या आईकडून शेवळं घेणाऱ्या बायका कोण? त्यांच्या सोसायट्या कुठल्या? त्यांचे नंबर कोणाकडे आहेत? माझं केंद्र चालू झालं तेव्हा जाहिरात म्हणजे एका बिल्डिंगची वॉचमनची बायको होती. कृषी खातं ९ ऑगस्टच्या सुमाराला रानभाजी महोत्सव भरवतं, तिथं गटाला जागा मागा. जेवणाआधी भाजी विका, मग भाजी घेणाऱ्यांनाच जेवायला बोलवा.

धुळ्याकडच्या बारीपाड्याबद्दल वाचलं असेल. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ते गाव. तिथं रानभाज्यांची पाककलेची स्पर्धा होते, बाहेरून माणसं जातात. पण त्या गावानं आधी कुऱ्हाडबंदी करून जंगल राखलं, भाज्या त्या जंगलातून आल्या, पाहुणे त्यानंतर. पाहुण्यांसाठी गाव सजवलेलं नाही.

कणसरीची_लेक

सगळ्यांची आभारी आहे. जव्हारकर काका, तुमचं तर मी प्रिंट काढून आईला वाचून दाखवलं.

गटाची बैठक झाली. दहिसरच्या ताईंचा हिशेब मी फळ्यावर मांडला, पोरांच्या अभ्यासाचा फळा आहे त्यावर. कोंबडीचे ७०० लिहिल्यावर आई म्हणाली, “ती अंडी पण देते, ते धर.” त्यानंतर हिशेबावर वाद झालाच नाही. वाद झाला लुगड्यावर. माझी वहिनी म्हणाली, ‘मी ड्रेसच घालणार, मला कोण आदिवासी मानेल नाहीतर न मानेल’, आणि म्हाताऱ्या म्हणाल्या, ‘आम्ही तर रोजच नेसतो, आम्हाला वेगळं सांगायचं काय’. शेवटी ते ज्याचं त्याच्यावर सोडलं.

काकी शेडवरून नाराज आहे. तिला पटवायला वेळ लागेल. करारात जागेबद्दल ‘आयोजकांनी विकसित केलेली जागा’ असं वाक्य निघालं, काका. तुम्ही म्हणाला नसतात तर मी त्यावरून पुढं गेले असते.

एजन्सीला आम्ही मराठीत लिहून पाठवलं: शेड नको, तीन वर्षांची अट नको, इजेची जबाबदारी विमा काढून त्यांची, पाहुणे बारा, माणशी ८०० थेट गटाच्या खात्यात आणि त्यातून त्यांचं कमिशन आम्ही देऊ, चित्राच्या वर्गाचे ३०० वेगळे, फोटो विचारून. त्यांचा फोन आला. गोडवा थोडा कमी होता. म्हणाले, असं कोणीच मागत नाही. विचार करून कळवतो म्हणालेत, अजून कळवलेलं नाही. न कळवलं तरी दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही स्वतः करून बघणार आहोत. माझ्या ऑफिसातली पाच-सहा माणसं यायला तयार आहेत, पण ती ५०० च्या वर द्यायला का-कू करतायत. संडासाचं अजून ठरलेलं नाही, ते रिक्षादादा म्हणतात तसं खरंच अवघड आहे. एक घर तयार आहे, पण तिथं पाणी डोक्यावरून आणावं लागतं.

नकाशाचं काम मी सुरू केलंय. रेषा आमच्या पाड्याच्या अगदी अंगावरून जाते असं दिसतंय, दोन-चार घरं आत आणि बाकीची बाहेर, असं झालं तर काय करायचं ते काकांना वेगळं विचारेन. म्हातारीचा जबाब लिहायला घेतला तर ती दूध वसाहतीच्या आधीच्या भातशेतीपासून सुरू झाली, आणि मधेच तिच्या लग्नातल्या भांडणावर गेली. सगळं लिहून घेतेय.

टेम्पोचं पोरांच्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यांचं म्हणणं, भाजी सोसायट्यांमध्ये न्यायला टेम्पो लागेलच. मी म्हटलं, आधी एका रिक्षात मावेल एवढ्या ऑर्डरी आणा.

त्यावरून आठवलं. दहिसरच्या ताई, तुम्हाला केंद्रावर शेवळं लागतात का? या वर्षीची गेली, पण पुढच्या हंगामात आम्ही थेट पोचवू शकतो. स्टेशनवर आई वाट्यानं देते.

दहिसरची_पोळीभाजी

लागतात, आणि वेळेवर मिळत नाहीत. कोलंबी घालून शेवळाची भाजी मी हंगामात दोनच दिवस करते, आधी नाव लिहून घेऊन, तरी पुरत नाही. वाट्यानं नको, मला किलोनं हवी, पाती सोलायच्या आधीचं वजन. पहिल्या आठवड्याचा भाव चढा असतो तो मी देईन, पण मग पूर्ण हंगाम मलाच आधी विचारायचं, हे तोंडी चालेल, इंग्रजी करार नको! काकडं (शेवळांची खाज मारायला घालतात ती रानफळं) सोबत हवीतच, नाहीतर घशाला खाजेल आणि गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करेल. ती शेवळांच्या वजनात धरू नकोस, वेगळी मोज आणि त्यांचा भाव वेगळा सांग.

रिक्षा_४७, गोरेगाव ते दहिसर सकाळी सहाच्या आत टोपल्या आणायचं काय घेणार?

रिक्षा_४७

मीटरनं येतो ताई. टोपलीचं लगेज वेगळं.